डायलिसिस नीट होऊनही बीपी उतरेना: निकामी किडनी, ब्रेनस्टेम आणि दिवसाला तीनदा घ्यायची गोळी

ओळख पटू नये म्हणून पेशंटचे बारीकसारीक तपशील बदललेत. केस लिहावीशी वाटली कारण किडनीच्या बीपीत आपण सगळे पाणी, मीठ आणि रेनिन (किडनीतून सुटणारं, बीपी वाढवणारी साखळी सुरू करणारं रसायन) एवढ्यावरच थांबतो, आणि या माणसाच्या बाबतीत खरा घोळ मानेच्या वर, मेंदूच्या खालच्या टोकाला चालू होता.

पार्श्वभूमी

पेशंट पुरुष, वय ३८, तालुक्याच्या गावात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, घरी आई, बायको आणि दोन पोरं. किडनी कशाने गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हाच क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते सांगणारी रक्ततपासणी) ११ च्या वर आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसून साडेसात सेंटीमीटरवर आलेल्या, एवढ्या लहान किडनीची बायोप्सी करून हाताला फारसं काही लागत नाही आणि रक्तस्रावाची भीती जास्त. असे पेशंट आपल्याकडे पुष्कळ आहेत. बीपी आधी वाढला की किडनी आधी गेली हे सांगायला कोणाकडे जुना रिपोर्टच नसतो.

दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं, महात्मा फुले योजनेत. आमच्याकडे आला तेव्हा मशीनला लावायच्या आधी बीपी १९६/११२, आणि चार तासांनी दोन-अडीच लिटर पाणी काढून उठताना २०४/११०. म्हणजे पाणी काढल्यावर उतरायचं सोडून वर. नाडी ९६, तीही मेटोप्रोलॉल, म्हणजे नाडी कमी करणारा बीटा ब्लॉकर, चालू असताना.

गोळ्या बघा: अम्लोडिपिन सकाळ-संध्याकाळ, टेल्मिसार्टन ४० (रेनिनच्या साखळीवर काम करणारी), मेटोप्रोलॉल दोन वेळा, प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारा अल्फा ब्लॉकर) दोन वेळा आणि क्लोनिडिन १०० मायक्रोग्रॅमची एकेक गोळी तीन वेळा. डायलिसिस युनिटमध्ये या क्लोनिडिनला सगळे आर्कामिन म्हणूनच ओळखतात आणि बीपी बसत नसला की पहिल्यांदा तीच वाढवली जाते. इथेही मधल्या काळात कोणीतरी ती दुप्पट केलेली, म्हणजे दोन-दोन गोळ्या तीन वेळा. नुसत्या बीपीच्याच दिवसाला १३ गोळ्या झाल्या, फॉस्फरसच्या वेगळ्या.

अडचण नेमकी काय

पहिला प्रश्न कुठल्याही डायलिसिस पेशंटला विचारतात तोच, की पाणी उरलंय का? पायावर सूज नव्हती, पण सूज नाही म्हणजे पाणी नाही असं समजू नये. फुफ्फुसाची सोनोग्राफी केली तर दोन्ही बाजूला पाण्याच्या रेषा दिसल्या. मग ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन, उतरवायचं ठरलं. आठवड्याला तिसरं डायलिसिस सुरू केलं (यासाठी त्याला दुकान अर्धा दिवस जास्त बंद ठेवावं लागलं, हे आपण डॉक्टर लोक हिशोबात धरत नाही), डायलिसेटमधलं (मशीनमधून फिरणाऱ्या द्रावातलं) सोडियम थोडं कमी केलं, आणि दर वेळी पाव लिटर जास्त काढत काढत ६३ किलोवरून ६० पर्यंत आणलं. पायात गोळे आले, एकदा मशीनवरच शिव्या घालून झाल्या, पण टिकला.

ड्राय वेट उतरवल्याने बीपी उतरतो हे २००९ च्या ड्रिप नावाच्या ट्रायलमध्ये दिसलंय, पण सरासरी फरक सिस्टोलिकमध्ये ७ च्या आसपास. याचा त्याहून बराच जास्त उतरला, १७० च्या घरात आला. फुफ्फुसं कोरडी झाली. आणि तिथेच अडकला. सोबत एरिथ्रोपोएटिनचा, म्हणजे रक्त वाढवायच्या इंजेक्शनचा, डोस तपासला (त्यानेही बीपी वाढतो), पेनकिलर घेतो का विचारलं, नव्हता घेत. पोटॅशियम ५.८ होतं आणि टेल्मिसार्टनने ते आणखी वाढतं, म्हणून त्याचा डोस वाढवायला जागा नव्हती.

पाणी गेलं, रेनिनच्या वाटेवर जेवढं दाबता येईल तेवढं दाबलं, तरी १७०/९८ आणि नाडी नव्वदीच्या वर. घरी मशीन घ्यायला लावलं तर रात्रीही बीपी खाली येत नव्हता आणि पहाटे सगळ्यात जास्त. ही सगळी लक्षणं सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टीम (हृदय पळवणारं, रक्तवाहिन्या आवळणारं नर्व्हचं जाळं) ताणलेली असल्याची.

किडनी ब्रेनस्टेमला काय सांगते

इथे जरा थांबतो कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर उभा आहे.

ब्रेनस्टेमचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे मेड्युला. त्यात पुढच्या-बाजूच्या कोपऱ्यात न्यूरॉन्सचा एक छोटा पुंजका आहे, त्याला आरव्हीएलएम म्हणतात, रॉस्ट्रल व्हेंट्रोलॅटरल मेड्युला. रक्तवाहिन्या किती आवळायच्या, हृदय किती जोरात पळवायचं याचा हुकूम इथून पाठीच्या कण्यातून खाली जातो. त्याला लगाम घालायचं काम मेड्युलातल्याच दुसऱ्या जागेचं, एनटीएस (न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस). मानेतल्या कॅरोटिडमधले आणि महाधमनीतले प्रेशर सेन्सर नवव्या आणि दहाव्या नर्व्हमधून एनटीएसला कळवतात की बीपी वाढलाय, मग एनटीएस मधल्या एका टप्प्यातून आरव्हीएलएमला गप्प करतं. तुम्ही आम्ही उठतो बसतो तेव्हा हा खेळ दर ठोक्याला चालू असतो.

आता निकामी किडनी यात दोन वाटांनी घुसते. एक रक्तातून. रक्तपुरवठा कमी पडलेली किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन २ तयार होतं, आणि ते फक्त रक्तवाहिन्या आवळून थांबत नाही. मेड्युलात एरिया पोस्ट्रेमा नावाची जागा आहे जिथे मेंदूभोवतीचा नेहमीचा अडसर नसतो, तिथे रक्तातलं अँजिओटेन्सिन थेट पोचतं. शिवाय मेंदूच्या आतही अँजिओटेन्सिनचे रिसेप्टर आहेत, एनटीएसमध्ये आणि आरव्हीएलएममध्येसुद्धा. दुसरी वाट नर्व्हची. किडनीतून वर जाणाऱ्या संवेदी नर्व्ह असतात, किडनीला रक्त कमी पडलं, तिच्यात व्रण झाले, की त्या सतत सिग्नल पाठवत राहतात, पाठीच्या कण्यातून मेड्युला आणि हायपोथॅलॅमसपर्यंत.

हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला क्लिप लावून कायमचा हाय बीपी करून दाखवला, ते सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कमी लोकांना माहीत असतं. क्लिप लावलेल्या उंदरांच्या आरव्हीएलएमला औषध टोचून शांत केलं की बीपी खाली येतो, म्हणजे सुरुवात किडनीत झाली तरी बीपी टिकवून धरायचं काम ब्रेनस्टेम करत असतो. आणि १९९५ मध्ये कॅम्पेसे आणि त्यांच्या सहकाऱ्याने किडनीचा बराचसा भाग काढलेल्या उंदरांमध्ये किडनीकडून वर जाणाऱ्या नर्व्ह कण्यापाशी कापल्या, तर त्या उंदरांना हाय बीपी झालाच नाही.

माणसातला पुरावा मला सगळ्यात आवडतो. १९९२ मध्ये कन्व्हर्स आणि त्यांच्या टीमने डायलिसिस पेशंटच्या पायातल्या नर्व्हमध्ये बारीक सुई घालून सिम्पथेटिक सिग्नल मोजले. स्वतःच्या खराब किडन्या अजून पोटात असलेल्या पेशंटमध्ये मिनिटाला सरासरी ५८ झटके, निरोगी लोकांमध्ये २३. आणि ज्यांच्या दोन्ही किडन्या ऑपरेशन करून काढलेल्या होत्या त्यांच्यात २१! डायलिसिस दोघांचंही चालू, रक्तातला कचरा दोघांच्याही, फरक फक्त त्या आकसलेल्या किडन्या पोटात आहेत की नाहीत एवढाच. गिरणी बंद पडून वर्षं झाली तरी भोंगा वाजतच राहावा, तसं हे.

कोणते पर्याय होते

मिनॉक्सिडिल हाताशी होतं, जबरदस्त औषध आहे, पण ते रक्तवाहिन्या सैल करतं आणि ब्रेनस्टेम ते बघून आणखी जोरात हृदय पळवतो, वर पाणीही धरतं. नाडी आधीच ९० च्या वर असलेल्या माणसाला मला ते नको वाटलं.

मोक्सोनिडिन हे क्लोनिडिनचं भावंड, तेही ब्रेनस्टेमवरच काम करतं आणि तोंड कमी कोरडं पडतं, पण ते किडनीतून बाहेर पडतं आणि इतक्या खराब किडनीत देत नाहीत. विषय संपला.

किडनीच्या नर्व्ह जाळायची प्रोसिजर, म्हणजे रीनल डिनर्व्हेशन. पेशंटच्या धाकट्या भावाने व्हिडिओ बघून विचारलं होतं, "सर, ते वायर घालून नस जाळतात ते करूया का?" कल्पना अगदी याच रोगाला लागू पडणारी. पण २०१४ च्या सिम्प्लिसिटी एचटीएन ३ या ट्रायलमध्ये खोटी प्रोसिजर केलेल्या गटापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही, नंतर सुधारलेल्या उपकरणांनी फरक दिसला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दोन उपकरणांना मान्यता दिली, हे सगळं खरं, मात्र या मोठ्या ट्रायल्समध्ये किडनी बऱ्यापैकी चालू असलेलेच लोक घेतलेले. डायलिसिसवाल्यांचा अनुभव छोट्या गटांपुरता. खर्च लाखात आणि योजनेच्या बाहेर. नको म्हटलं.

त्याच भावाचा दुसरा प्रश्न जास्त भारी होता, ब्रेनस्टेमवर रक्तवाहिनी दाबत असेल तर? पिट्सबर्गचे न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी ऑपरेशन करताना हाय बीपीच्या अनेक पेशंटमध्ये मेड्युलाच्या डाव्या बाजूला धमनीचा वेढा दाबताना पाहिला होता, त्यावरून तो सिद्धांत आला. पण एमआरआयमध्ये असे वेढे बीपी नसलेल्या लोकांतही दिसतात, आणि इथे कारण समोर सोनोग्राफीतच दिसत होतं. एमआरआय केला नाही.

दोन्ही किडन्या काढून टाकणं हा पर्याय कागदावर सगळ्यात सरळ. पण त्याला अजून दिवसाला ३०० मिलीच्या आसपास लघवी होत होती, आणि डायलिसिस पेशंटसाठी तेवढी लघवी म्हणजे रोज तेवढं पाणी प्यायची मुभा. ऑपरेशनचा धोका वेगळा. ट्रान्सप्लांटचा विचार चालू असताना घाई नको असं ठरलं.

उरलं क्लोनिडिन. ब्रेनस्टेमचा हुकूमच कमी करणारं औषध. (हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत नाक मोकळं करायचं औषध म्हणून बनवलं होतं, नाकात थेंब घालून बघणाऱ्या बाईंना गाढ झोप लागली आणि बीपी पडला, तिथून त्याचा रस्ताच बदलला.) ते आधीपासून चालू होतंच, दिवसाला ६०० मायक्रोग्रॅम. तर्क बरोबर, औषध बरोबर, डोस भरपूर, मग १७० का? कागदावर या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

काय झालं, काय केलं

उत्तर एका रविवारी रात्री इमर्जन्सीत आलं. गावची जत्रा होती, त्यात शुक्रवारी पट्टी संपली, मेडिकल बंद. रविवारी संध्याकाळपासून डोकं फुटेल असं दुखणं, घाम, छातीत धडधड, मग दम. आणलं तेव्हा बीपी २३८/१३४, नाडी १२४, ऑक्सिजन ८६, फुफ्फुसं पाण्याने भरलेली.

पहिला तर्क सगळ्यांचा एकच, जत्रेत खाल्लं प्यायलं, पाणी वाढलं. वजन तीन किलो वाढलंही होतं. पण याच माणसाने आधी चार-चार किलो वाढवून आणलेत आणि दम न लागता चालत मशीनपर्यंत आलाय. घाम, धडधड, नाडी १२४ हे याच्या बाबतीत नुसत्या पाण्याचं वाटेना. क्लोनिडिन अचानक बंद झालं की दाबून धरलेला आरव्हीएलएम मोकाट सुटतो, साधारण एक ते तीन दिवसांत, आणि डोस जेवढा जास्त तेवढा हा उसळलेला बीपी वाईट.

मास्क लावून प्रेशरने ऑक्सिजन, नायट्रोग्लिसरिनची ड्रिप, तातडीने डायलिसिस, आणि सोबत क्लोनिडिन पुन्हा तोंडाने सुरू. नाडी १२४ बघून बीटा ब्लॉकर द्यायचा मोह होतो, ड्यूटीवरच्या डॉक्टरने तसं विचारलंही. थांबवलं. क्लोनिडिन सुटल्यावर शरीरात नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर आलेला असतो, अशात बीटा रिसेप्टर अडवला की रक्तवाहिन्या आवळणारा अल्फा रिसेप्टर एकटाच मोकळा राहतो आणि बीपी आणखी चढू शकतो. मेटोप्रोलॉलमध्ये हा धोका कमी, पण त्या रात्री घ्यायची गरज नव्हती. सकाळपर्यंत १७२/१००, दम गेला.

मग बायकोला शांतपणे विचारलं. तिने जे सांगितलं त्याने दोन वर्षांचा केसपेपर वेगळा वाचावा लागला. "दुपारची गोळी ते घेतच नाहीत सर, झापड येते, हातात सोल्डरिंग असतं, तोंड सुकतं मग पाणी प्यावंसं वाटतं." आणि डायलिसिसच्या दिवशी सकाळच्या सगळ्या गोळ्या बंद, कारण जुन्या युनिटमध्ये भिंतीवरच लिहिलेलं, डायलिसिसच्या दिवशी बीपीच्या गोळ्या घेऊन येऊ नये. मशीनवर बीपी पडतो म्हणून ती सूचना असते, बऱ्याच जणांसाठी ठीकही आहे. पण क्लोनिडिन त्यात धरायला नको. म्हणजे आदल्या संध्याकाळनंतर थेट दुसऱ्या संध्याकाळी गोळी, आठवड्यातून तीन दिवस! मशीनवर बसल्यावर बीपी चढत का जातो याचं एक कारण बहुतेक इथेच होतं. किडनी फेल असताना क्लोनिडिन शरीरात जास्त वेळ टिकतं हे खरं, पण अशी रोजची धरसोड त्यालाही झेपत नाही.

आता खरा निर्णय. औषध योग्य जागी काम करतंय पण हा माणूस ते दिवसातून तीनदा घेऊ शकत नाही, आणि चुकलं तर जीवावर बेततंय. समजावून सांगून चालू ठेवायचं की काढायचं? क्लोनिडिनचा पॅच चिकटवता आला असता तर प्रश्न सुटला असता, पण आमच्या भागात तो सहज मिळत नाही. काढायचं ठरलं. आधी मेटोप्रोलॉल बंद ठेवलं, मग क्लोनिडिन दर तीन-चार दिवसांनी एकेक गोळी कमी करत तीनेक आठवड्यांत शून्यावर आणलं, या काळात प्राझोसिन चालूच ठेवलं म्हणजे अल्फाची बाजू झाकलेली राहील. रोज घरच्या बीपीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर.

क्लोनिडिन पूर्ण गेल्यावर अटेनोलॉल, हाही बीटा ब्लॉकरच, सुरू केलं, डायलिसिस संपल्यावर, आठवड्यातून तीनदा, टेक्निशियनच्या समोर. अटेनोलॉल किडनीतून आणि डायलिसिसमधून निघतं, किडनी बंद असलेल्या माणसात म्हणून ते दोन डायलिसिसच्या मधल्या काळात टिकून राहतं. २०१४ मध्ये आलेल्या अगरवाल यांच्या ट्रायलमध्ये याच पद्धतीने अटेनोलॉल आणि लिसिनोप्रिल (रेनिनच्या साखळीवरचं औषध) देऊन तुलना केली, लिसिनोप्रिलच्या गटात हृदयाचे प्रसंग जास्त झाल्याने ट्रायल लवकर थांबवावी लागली होती. आरव्हीएलएमचा हुकूम निघतोच आहे, अटेनोलॉल तो हृदयापाशी अडवतं एवढंच. क्लोनिडिनपेक्षा हे औषध कमी नेमकं आहे, पण पोटात जाणारं आहे.

निकाल

दोन महिन्यांनी घरचा सरासरी बीपी १४८/८८, नाडी ६८. रोजच्या बीपीच्या गोळ्या १३ वरून ४, वर आठवड्यातून तीन वेळा युनिटमधली एक. आदर्श आकडा नाही, पण इमर्जन्सीत परत आला नाही आणि दुपारी दुकानात जागा राहतो.

साधारण वर्षाने आईची किडनी बसली. जुन्या किडन्या आतच ठेवल्या, तशाच ठेवतात बहुतेक वेळा. क्रिएटिनिन १.२, लघवी भरपूर, बीपी मात्र दोन गोळ्यांवर १४२/८८. आईला ते खुपलं, माझी किडनी चांगली होती ना मग याचा बीपी का जात नाही? नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून द्यायच्या टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडचा वाटा आहेच. पण २००२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या नर्व्हचे सिग्नल मोजले तेव्हा नवीन किडनी उत्तम चालत असूनही ते डायलिसिसवाल्यांइतकेच जास्त निघाले, आणि ज्यांच्या जुन्या किडन्या काढलेल्या होत्या त्यांचे कमी. आईंना एवढंच सांगितलं की तुमच्या किडनीत काही खोट नाही, जुन्या दोन अजून कुरकुर करतायत.

काय वेगळं करता आलं असतं

क्लोनिडिन दुप्पट करायच्या आधी गोळी नेमकी किती वाजता घेतो हे विचारायला हवं होतं, आणि तेही पेशंटला नाही तर घरी पट्ट्या आणून ठेवणाऱ्या माणसाला. अर्धवट घेतल्या जाणाऱ्या क्लोनिडिनचा डोस वाढवणं म्हणजे पुढचा उसळलेला बीपी मोठा करून ठेवणं, याहून वाईट वाढ दुसऱ्या कुठल्या बीपीच्या गोळीत नसेल. माझं मत असं झालंय की डायलिसिस पेशंटला क्लोनिडिन पहिल्या तीन औषधांत येऊच नये, आणि दिलंच तर झोपताना मोठा भाग द्यावा आणि घरी आठवड्याची जादा पट्टी असल्याशिवाय लिहूच नये.

तिसरं डायलिसिस दोन वर्षं आधी सुरू झालं असतं तर कदाचित एवढ्या गोळ्यांची वेळच आली नसती, तिथे योजनेपेक्षा दुकान आणि एसटीचं वेळापत्रक आड आलं. भिंतीवरच्या सूचनेबद्दल: आमच्या युनिटमध्ये आता सरसकट सूचना नाही, प्रत्येकाच्या डायलिसिस चार्टवर कुठली गोळी थांबवायची आणि कुठली कधीच नाही हे नावानिशी लिहितो.

जुन्या किडन्या ट्रान्सप्लांटच्या वेळी काढायला हव्या होत्या का यावर आमच्यात अजून एकमत नाही. सर्जनचं म्हणणं, लांबलेलं ऑपरेशन आणि जास्त रक्त कशाला, तेही बरोबर. बीपी तीन औषधांच्या वर गेला तर लॅप्रोस्कोपीने काढायचा विचार करू असं फाईलवर लिहून ठेवलंय. एक तपासणी मात्र सगळ्या धावपळीत राहूनच गेली, स्लीप स्टडी. बायको म्हणते घोरतो भयंकर, आणि झोपेत श्वास अडकला की तोच आरव्हीएलएम रात्रभर चेतत राहतो. पुढच्या महिन्यात ती करायची आहे.